शालू, सगुण फाटकाशी काय विचारतो?

मांद्रे. मार्गशीर्षातला सोमवार. तुझा तेरावा.

हजर : तुझे यजमान वासूदादा, शिरगावच्या खाणीवरची ट्रकची पाळी सोडून आलेले. देवळाचे गावकार आपा. पोदेर पास्कू, बेकरी बंद ठेवून, इस्त्रीच्या शर्टात. महिला मंडळाच्या आम्ही सगळ्या. शेजारपाजार आणि मुलंबाळं. तुझा भाऊ आखातात, तो पोचू शकला नाही. तुझ्या माहेरून, नार्व्याहून, कोणी आलं नाही.

आणि सगुण. त्याचं नाव शेवटी लिहिलं, कारण कुठे लिहावं ते कळेना. तुझा हा बहिरा दीर सकाळपासून अंगणात पत्रावळी मांडत होता, पाणी वाढत होता, उष्टी उचलत होता. दिवसभरात कोणी त्याच्याशी बोललं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नलू, तो कागद ठेव बाजूक आणि ताका विचार, जेवलो काय तो." मी कागद ठेवला, उठून त्याच्याजवळ गेले आणि पाच बोटं तोंडाशी नेली. त्याने मान हलवली. एवढं तर आपण गाईलाही विचारतो.

तुझ्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, तुझे गुण लिहीन. तुझा हात शिवणात कसा चाले, तुझ्या खतखत्याची चव, तुझा फटकळपणा. पण लिहायला बसले की प्रत्येक वेळी आमचीच तोंडं पुढे येतात. तुझ्यापुढे मान वर करून बोलता येईल असं फारसं काही सापडत नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा सगुणला मिसरूड फुटलं होतं आणि सगळा गाव त्याला 'मोनो', म्हणजे मुका, म्हणत होता. त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं, बहुतेक प्रेमानेच म्हणत. पाणी आणायला विहिरीवर तू पहिल्यांदा आलीस आणि तिथेच बायकांना म्हणालीस, "ताचां नांव सगुण. मोनो म्हणान हाक मारलास तरी ताका आयकूक येणा नाय, मगे ही हाक कोणासाटी?" नव्या नवरीच्या तोंडाचं आम्हाला हसू आलं. नंतर कळलं, नार्व्याला तुझ्या शेजारच्या घरातली आत्या तशीच बहिरी होती. लहानपणी तिच्याबरोबर शेताच्या बांधावर बसून तू हातांनी बोलायला शिकलीस. ते हात तू माहेराहून इथे आणलेस. आमच्या लेखी तू चार लुगडी आणि शिवणाचं मशीन आणलं होतंस.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत तू त्याला बोलतं केलंस. कसं केलंस ते पाहायला आम्ही थांबलो नाही. पडवीत तुमचे हात चालू असायचे आणि मध्येच तो खदखदून हसायचा. आजवर तो हसल्याचा आवाज गावाने ऐकला नव्हता, म्हणून रस्त्यावरचे लोक दचकायचे. नंतर दचकायचे थांबले, आणि कौतुक करायला लागले. शालूने मोन्याला माणसात आणलं, असं म्हणायचे. तो माणसातच होता, हे सांगून तू थकलीस.

पास्कूकडे तू त्याला कामाला लावलंस तेव्हा पास्कू खूप घाबरला. सायकलवरचा पोदेर म्हणजे भोंगा आलाच. तो म्हणाला, "मागीर भोंगो कसो वाजयतलो तो?"

"वाजयतलो तो. आयकतले तुमी."

पास्कूने सायकल पुढे केली. प्रत्येक फाटकाशी दोनदा दाबायचा, एवढं तू सगुणला शिकवलंस. दुसऱ्या आठवड्यापासून पहाटे पहिला भोंगा त्याचाच. पावांतले उंडे किती, पोळ्या किती, हे आम्ही बोटांनी दाखवायचो. मी रोज चार बोटं दाखवते. तो चार उंडे देतो, हसतो, जातो. इतक्या वर्षांत माझं आणि सगुणचं जे काही संभाषण झालं ते एवढंच, चार. माझी मुलं मोठी झाली, सासूबाई गेल्या, घराची कौलं बदलली, आणि त्याच्याशी माझं बोलणं चारावरून पुढे सरकलं नाही. पुढे सरकवायची गरजच पडली नाही, कारण काही सांगायचं असलं की आम्ही तुला हाक मारायचो.

आपांच्या मनात त्याच्याविषयी फार माया होती, हे तूही मान्य करायचीस. त्यांनीच वर्गणी जमवून त्याच्यासाठी कानाचं यंत्र आणवलं. देवळाच्या मंडपात शाल, नारळ आणि यंत्र दिलं, भाषण झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपा त्याच्या कानाशी वाकून ओरडले, "सगुणा, आयकाक येता?" त्याने आधी तुझ्याकडे पाहिलं, तू डोळ्यांनी काही सांगितलंस, आणि तो मान डोलावून हसला. मंडपाला भरून आलं. जन्मापासून काहीच ऐकू न येणाऱ्याला त्या यंत्राने काही व्हायचं नव्हतं, नुसती डोक्यात घरघर. पण आपांच्या दारावरून जाताना तो ते कानात घालायचा आणि पुढच्या वळणावर काढून खिशात ठेवायचा. हे तू मला हसत सांगितलंस. मीही हसले. बहिऱ्या माणसाने गावाचं मन जपायचं आणि गावाने त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटायची, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गाऱ्हाण्यावरून तू भांडलीस ते मात्र हसण्यावारी नेता आलं नाही. दर जत्रेला आपा देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालतात, आणि त्यात पाऊसपाणी, गुरंढोरं, पोरंबाळं झाली की शेवटी सगुण येतो. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराक वाचा नाय, ताका वाचा दी रे म्हाराजा." आणि आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा." सगुण पुढेच उभा असतो. लोकांचे ओठ हलले की तोही हात जोडतो. आपल्यासाठीच मागणं चाललंय हे त्याला ठाऊक नसतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं की तुला वाचा हवी आहे का.

तू आपांना भर अंगणात गाठलंस. "आपानू, इतकी वर्सां देवाकडे मागतास. देव देणा नाय, म्हणजे ताणें तां काम तुमच्यार सोडलां."

"म्हणजे कशें?"

"म्हणा, बा देवा म्हाराजा, सगुणाक वाचा नाय दिलंस तर रवांदी, आमच्या हातांक बुद्धी दी."

आपा म्हणाले, "गाऱ्हाण्याक रीत आसा गो बाय. पिढ्यांची रीत. मदीच बदलूक येणा नाय."

"सगुणाचां नांव पिढ्यांपासून खंय होतां? तां तुमीच घातलंत मरे."

मी तिथे होते. मला तुझं पटलं होतं. पण आपांसमोर बोलायचं टाळून मी मधला मार्ग काढला, मला तो चांगला जमतो. मी म्हटलं, मंडळाच्या बैठकीत विषय घेऊ. मग तू मागणी सोपी केलीस. गाऱ्हाणं राहू दे, मला गुरुवारी संध्याकाळी मंडळाचा हॉल तासभर दे, येतील त्या बायका, पुरुष, मुलं. मी हातांनी बोलायला शिकवते. दिवस विचारायचा, तब्येत विचारायची, दुखतंय का, कोण आलं, कोण गेलं, एवढं आलं तरी पुरे.

तेव्हा नेमका भाषेचा वाद पेटला होता. मराठीवाल्यांच्या बैठका आमच्याच हॉलमध्ये, आणि कोंकणीवाल्यांनी मागितला तर त्यांना नाही कसं म्हणायचं? घराघरांत अबोले होते. राजभाषा कोणती, यावर सख्खे भाऊ एका पंगतीत बसत नव्हते. गुरुवार मिळेना. त्या दिवसांतही सगुणला मात्र मागणी होती, उंच आणि धिप्पाड म्हणून. एका बाजूने त्याला पेडण्याच्या मोर्चात फलक धरायला नेलं, आठवड्याने दुसऱ्या बाजूने पास्कू घेऊन गेला आणि वेगळा फलक हातात दिला. तो दोन्हीकडे आनंदाने गेला, दोन्ही फलक घरी घेऊन आला, आणि तू त्यांचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलंस. म्हणालीस, "कोंबयांक दोनूय भासो मानवल्यो." मग सुई दातात धरून, मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, "तुमी दोन भासांसाठी मरतास, तिसरी एक तासभर शिकाक वेळ नाय."

मग घटकराज्य झालं. पेढे वाटले. हॉल मोकळा झाला. आणि मी म्हणाले, आता जत्रा होऊ दे.

यंदा श्रावणात तू मला नार्व्याला घेऊन गेलीस. म्हापसा, डिचोली, तिथून दुसरी बस, आणि देवळाच्या उतारावरचं ते घर. आत्या आता नव्हती, पण तिची भाची मंजुळा होती, आत्यासारखीच बहिरी आणि तिच्याच हातांवर वाढलेली. सगुणसाठी तू तिला मागणी घातलीस. ती दोघं पावसाआधी एकदा भेटली होती आणि तासभर त्यांचे हात थांबले नव्हते, हे तू मला बसमध्ये सांगितलंस. सगुण तेव्हापासून रोज आरशात बघतो, असंही.

मंजुळाने माझ्याकडे पाहून तुला काही विचारलं. तू डाव्या तळहातावर उजव्या बोटाने भराभर खुणा केल्यास, एकाखाली एक. ती हसायला लागली.

"काय सांगलंस गो?"

"तुजां नांव. सगुणान ठेवलेलां."

याद्या करणारी. म्हणजे त्याने मला नाव दिलं होतं. तळहातावर खुणा म्हणजे मी. आणि अंगठा-तर्जनीत धरून हवेत ओढलेला दोरा म्हणजे तू. गावातल्या प्रत्येकाला त्याने नाव दिलं होतं, आणि आम्ही त्याला मोनो म्हणत होतो.

मंजुळाचे वडील गोपाळबाब हिशेबी माणूस. चहा झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. "हांगा माज्या चेडवाकडे आमी सगळीं उलयतात. थंय कोण आसा?"

तू म्हणालीस, "आखो गांव." आणि माझ्याकडे हात केलास. "हिका विचारा. ही आमच्या मंडळाची सेक्रेटरी."

मी म्हटलं, "व्हय, आखो गांव." गोपाळबाबांनी मान हलवली. मार्गशीर्षात मुलाचं घर पाहायला येतो म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी त्या खोट्यावरून तुझ्यावर चिडले. "शालू, तू फट मारलंस."

"फट न्हय गो. आगाऊ सांगलां. आता तां खरां करूचां काम तुजां."

"माजां कशाक?"

"यादी तू करतंस मगे. घाल यादीत." आणि खिडकीला डोकं टेकून झोपलीस. मी डिचोलीपासून म्हापशापर्यंत मनातल्या मनात तुला उत्तर देत राहिले. ते उत्तर अजून माझ्याकडेच आहे. आणि आता पटत नाही.

मी ते काम यादीत घातलं. कार्तिकापर्यंत त्याच्यापुढे काही केलं नाही.

तू गेलीस त्या पहाटे सगुण पाव घेऊन निघून गेला होता. तुझ्या छातीत कळ आली, वासूदादांनी तुला टॅक्सीत घालून म्हापशाच्या इस्पितळात नेलं, आणि तासाभरात निरोप आला. गावच तो, आम्ही सगळे तुझ्या अंगणात जमलो. खुर्च्या मांडल्या, पाणी तापवायला चूल पेटवली, भटजींना निरोप दिला. ही कामं मला येतात, मी भराभर केली. आणि सगुण सायकलवरून आला. रिकामी टोपली, निळा प्लास्टिकचा कागद घडी करून दांड्याला बांधलेला. दाराशी एवढी माणसं पाहून तो थबकला. मग हवेत दोरा ओढला आणि भुवया उंचावल्या.

त्या क्षणी आम्ही काय केलं ते तुला सांगायलाच हवं. आम्ही सगळ्यांनी तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आपांनी, पास्कूने, मी, बायकांनी, सगळ्यांनी एकदम. शालू येईल आणि त्याला सांगेल.

मग प्रत्येकाने आपापल्या परीने काहीतरी केलं. आपा त्याच्या कानाशी ओरडले, "वयनी गेली रे, वयनी गेली," आणि स्वतःच रडायला लागले. पास्कूने वर आकाशाकडे बोट दाखवलं. सगुणने वर पाहिलं. माडाची झावळी होती, ढग नव्हते. कोणी त्याच्या हातात चहाचा पेला दिला. मी खुर्ची पुढे केली. त्याने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, खुर्च्या पाहिल्या, पेटलेली चूल पाहिली, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. चहा तसाच ठेवून तो आत धावला.

बाहेर आला तेव्हा डोक्याला तेल लावलेलं, भांग पाडलेला, आणि अंगात तू शिवलेला नवा शर्ट. मार्गशीर्ष लागला होता. नार्व्याची माणसं घर पाहायला येताहेत असं त्याला वाटलं. तो पायरीवर उभा राहिला, पाहुण्यांना नमस्कार करायला हात जुळवून तयार. एवढ्या मोठ्या अंगणात एकालाही त्याला थांबवता आलं नाही. रस्त्यावर तीच टॅक्सी थांबली, आणि हसत पुढे गेला तोच. दार त्यानेच उघडलं.

त्यापुढचं लिहिता येत नाही, शालू. तो शर्ट त्याने अजून कोणाला धुवायला दिलेला नाही.

तीन दिवसांनी तो पुन्हा पावाला निघाला. पास्कूने नको म्हटलं असेल, पण कसं म्हणणार? तेव्हापासून चार उंडे दिल्यावर तो जात नाही. फाटकाशी उभा राहतो आणि काहीतरी विचारतो. दोरा ओढतो, ती तू. तळहातावर खुणा करतो, ती मी. मग दोन मुठी एकमेकींना लावतो, उघडतो, हात रस्त्याच्या दिशेने नेतो आणि माझ्याकडे पाहत राहतो. लग्नाचं विचारतो? की मला का सांगितलं नाही असं विचारतो? की आता तुझ्या जागी मी का, असं? मी वासूदादांना विचारलं. ते मान खाली घालून म्हणाले, "तां सगळां तीच सांगी. माका जेवण, पैशे आणि झोप, इतक्याच येता." सख्खा भाऊ तो, आणि त्याला तीनच शब्द येतात. पण मी कोण त्यांना बोलणार? माझा एकच आहे.

गोपाळबाबांचा निरोप परवा बसच्या कंडक्टरबरोबर आला. शालूबाय गेली, वायट जालें. आता थंय आमच्या चेडवाकडे उलयतलो कोण, तें कोणें तरी येवन सांगचें. मागीर फुडलें.

काल सकाळी सगुणने पुन्हा विचारलं. दोरा, तळहात, मुठी, रस्ता. त्याच्या डोळ्यांकडे पाहवेना, म्हणून मी मान हलवली. होकारार्थी. जत्रेत मागणं काय आहे हे न कळता तो हात जोडायचा ना, तशीच. सगुणने मोठा श्वास सोडला, हात छातीवर ठेवला, आणि टोपलीतून आणखी एक उंडो काढून माझ्या हातावर ठेवला. मग भोंगा दोनदा दाबून निघून गेला. मी त्याला काहीतरी वचन दिलंय. काय दिलं ते मला ठाऊक नाही.

आज आपा पंगतीतून उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "नलूबाय, तो गुरुवार अजून मोकळो आसा काय?" मी म्हटलं, हॉल मोकळा आहे, शिकवणारं कोणी नाही.

सगुणचे हात वाचू शकेल अशी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, आणि ती नार्व्याला आहे. तिच्यापुढे उभं राहून मला त्याची प्रत्येक खूण जशीच्या तशी करून दाखवायची आहे आणि विचारायचं आहे, मी कशाला हो म्हटलं. पण दारात पाय ठेवताच गोपाळबाब म्हणतील, आधी माझ्या लेकीशी बोला. आखो गांव उलयता ना, तुम्हीच म्हणालात. आणि मी चार बोटं दाखवीन.

खुणा पाठ करते आहे. दोरा, तळहात, मुठी, रस्ता. मुठी आधी उघडतात की आधी हलतात, यावर अडते. तो पाचवा उंडो फळीवर आहे, आमच्यात कोणी त्याला हात लावला नाही. सकाळची म्हापशाची बस देवळासमोरून जाते. नार्व्याला जायचं आहे. आज गेले नाही.